कॅसचा डोंगर, शे इंजिन आणि आमचे बाबा

शुक्रवार

आईबाबा भारतातून आले की पहिल्या महिन्याभरात न्यूयॉर्क, नायगारा, डीसीची म्युझियम्स असं सगळं उरकतं आणि मग प्रश्न पडतो की आता यांना न्यायचं कुठे, कारण मॉलमध्ये बाबा कंटाळतात आणि बीच म्हटलं की आईला आधी घरात येणारी वाळू दिसते. बाबा रेल्वेतले. कुर्डुवाडीला नॅरोगेजवर इंजिन क्लीनर म्हणून लागले, मग सेकंड फायरमन, फर्स्ट फायरमन, शंटर असं चढत चढत ड्रायव्हर झाले. शेवटची वर्षं ब्रॉडगेजवर डिझेल चालवलं पण त्याबद्दल ते कधी चकार शब्द काढत नाहीत, गप्पा सगळ्या वाफेच्या, मिरज-लातूर लायनीच्या आणि आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या खच्चून भरलेल्या गाड्यांच्या. त्यामुळे नवऱ्याने जेव्हा सांगितलं की वेस्ट व्हर्जिनियात एका डोंगरावर अजून कोळशाच्या इंजिनाने गाडी चढते, आणि तीही लाकूडतोडीसाठी टाकलेल्या रुळांवरून, तेव्हा ऑक्टोबरचा वीकेंड फिक्स झाला.

गावाचं नाव कॅस. 1901 साली वेस्ट व्हर्जिनिया पल्प अँड पेपर कंपनीने हे गाव वसवलं आणि कंपनीचे चेअरमन जोसेफ कॅस यांचं नाव त्याला दिलं. वरच्या डोंगरांवर रेड स्प्रूस या सूचिपर्णी झाडांचं दाट जंगल होतं, ते लाकूड कागदाच्या लगद्याला फार चांगलं, पण ते खाली आणायचं कसं, तर कंपनीने सरळ डोंगरावर रेल्वेच नेली. लगद्याचं लाकूड तिथून पुढे व्हर्जिनियातल्या कोव्हिंग्टनच्या कागद कारखान्यात जायचं आणि बाकीचं कॅसच्याच सॉमिलमध्ये कापलं जायचं, अकरा-अकरा तासांच्या दोन शिफ्ट, आठवड्याचे सहा दिवस.

आम्ही हर्नडनहून सकाळी निघालो, स्टाँटनपर्यंत हायवे आणि तिथून पुढे रूट 250. हा रस्ता म्हणजे एक घाट संपला की दुसरा. मॉन्टेरे सोडलं आणि थोड्याच वेळात फोनची रेंज गेली ती गेलीच. नवऱ्याने मॅप आधीच डाउनलोड करून ठेवला होता म्हणून बरं, कारण हा सगळा भाग 1958 पासून नॅशनल रेडिओ क्वाएट झोनमध्ये येतो, जवळजवळ 13 हजार चौरस मैल. ग्रीन बँकच्या रेडिओ दुर्बिणींना त्रास नको म्हणून इथे ट्रान्समीटरवर बंधनं आहेत. आईला वाटलं आपलंच रिचार्ज संपलं.

मुक्काम कंपनीच्या घरात. म्हणजे खरोखरच ज्या घरांमध्ये सॉमिलचे कामगार राहायचे ती पांढरी, लाकडी, दुमजली घरं आता स्टेट पार्क भाड्याने देतं. एका ओळीत एकसारखी घरं, पुढे लाकडी फळ्यांचा फुटपाथ. बाबा गाडीतून उतरले, ओळीवर नजर टाकली आणि म्हणाले, "रेल्वे क्वार्टर्सच की गं." किचन सगळं भांड्यांसकट होतं, त्यामुळे भाजणी नेली होती ती कामाला आली, थालीपीठ आणि दही खाऊन सगळे नऊलाच आडवे.

शनिवार

सकाळी इतकं धुकं की समोरचं घर दिसेना, पण शिट्टी ऐकू आली. बाबा तयार होऊन पायरीवर बसलेलेच होते, मफलर वगैरे गुंडाळून. म्हणाले पाच वाजल्यापासून जागा आहे, शेडमधून आवाज येतायत, आग चढवतायत. थंड बॉयलर तापवायला किती तास लागतात यावर मग चहाबरोबर पूर्ण लेक्चर झालं.

आम्ही तिकीट बॉल्ड नॉबचं, म्हणजे पार वरच्या शिखराचं काढलं होतं. 11 मैल वर, 11 मैल खाली, साधारण साडेचार तास. व्हिटकरपर्यंतची छोटी ट्रिपही असते पण एवढ्या लांब येऊन ती करण्यात अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे. डबे म्हणजे मूळचे ओंडके वाहायचे सपाट वॅगन, त्यांच्यावर बाकं आणि छप्पर टाकलंय, बाजू उघड्या. आणि इंजिन गाडीच्या पुढे नाही तर मागे! डोंगर चढताना ते डबे ढकलत नेतं. आईने विचारलं असं उलटं का, तर बाबा म्हणाले, "अगं कपलिंग तुटलं तर डबे मागे कोणावर येतील? इंजिनावर. घाटात बँकर, म्हणजे जादा इंजिन, मागून लावतात तसंच."

आता हे शे इंजिन. मी आयुष्यभर रेल्वेवाल्याच्या घरात वाढले पण असलं काही बघितलं नव्हतं. नेहमीच्या इंजिनाला दोन्ही बाजूंना आडवे सिलिंडर असतात आणि लांब दांडे चाकं फिरवतात. इथे तीन सिलिंडर उभे, आणि तिन्ही उजव्या बाजूला. त्यांचं वजन तोलायला बॉयलर मधोमध न ठेवता डावीकडे सरकवलाय, त्यामुळे समोरून बघितलं की इंजिन वाकडं झाल्यासारखं वाटतं. सिलिंडरखाली क्रँकशाफ्ट, आणि त्याच्यापासून पुढे-मागे इंजिनाच्या पूर्ण लांबीएवढा एक शाफ्ट जातो, त्याला जागोजागी युनिव्हर्सल जॉइंट, आणि त्या बाजूच्या प्रत्येक चाकाच्या तोंडावर दातेरी गिअर. म्हणजे कोळसा-पाण्याच्या टेंडरखालची चाकंसुद्धा ओढतात, एकही चाक फुकट फिरत नाही. मिशिगनमधला एफ्रेम शे नावाचा लाकूडवाला, त्याला हिवाळ्यात बर्फ नसताना ओंडके हलवता येईनात म्हणून त्याने हे डोकं लढवलं. 1881 मध्ये पेटंट घेतलं, लायमा कंपनीने इंजिनं बनवली, 1945 पर्यंत अडीच हजारांच्या वर.

आमच्या गाडीला 11 नंबर होतं, 1923 सालचं. बाबा गाडी सुटायच्या आधी त्याच्याभोवती फिरले, खाली वाकून गिअर बघितले, ग्रीस बोटावर घेऊन बोटं चोळली. ड्रायव्हर तेलाचा कॅन घेऊन उतरला होता, साठीचा असेल, पट्ट्यापट्ट्यांची टोपी. बाबांनी छातीवर हात ठेवून आपल्या इंग्रजीत सांगितलं, "आय स्टीम ड्रायव्हर, इंडिया, नॅरोगेज." पुढचं सगळं बोलणं इंजेक्टर, ब्लोअर, ग्रेट, क्लिंकर या शब्दांत झालं आणि दोघांचं काही अडलं नाही. मी आणि नवरा भाषांतरासाठी उभे होतो ते उगाचच.

गाडी सुटली तर आवाज असा की जणू मेल धावतेय, धडधडधडधड, आणि बाहेर बघावं तर माणूस शेजारून चालत येईल. गिअरमुळे सिलिंडर भराभर चालतात, चाकं मात्र सावकाश. या इंजिनांना ताशी 12-15 मैल म्हणजे डोक्यावरून पाणी. लेदरबार्क ओढ्याच्या कडेकडेने जंगलात शिरलो, आणि पहिल्याच स्विचबॅकला गाडी थांबली. गाडी पुढे एका आंधळ्या फाट्यात जाते, मागचा सांधा बदलतो, आणि मग उलट्या दिशेने पुढचा चढ. थोडं वर गेलं की परत तसंच. बाबा म्हणाले खंडाळ्याला असंच रिव्हर्सिंग स्टेशन होतं, 1863 ला बोरघाट सुरू झाला तेव्हापासून 1929 पर्यंत, त्यांनी स्वतः बघितलेलं नाही पण जुने ड्रायव्हर सांगायचे. मग चढांचा हिशेब निघाला. बोरघाट 37 ला 1, म्हणजे 37 फूट पुढे गेलं की 1 फूट वर, माथेरान 20 ला 1, आणि इथे सगळ्यात कडक जागी 11 टक्के, म्हणजे 9 ला 1! बाबा दोनदा म्हणाले, "नऊला एक... दात्यांच्या पट्टीशिवाय?" रुळांच्या मधोमध गिअर अडकवायला दातेरी पट्टी नाही. नुसते रूळ, चाक घसरू नये म्हणून टाकायची वाळू आणि ते गिअर.

आणि इथे एक गोष्ट बाबांनी दाखवली ती मला कधीच कळली नसती. पहिल्या स्विचबॅकपर्यंत इंजिनाचं तोंड चढाकडे, म्हणजे बॉयलरमधलं पाणी मागे फायरबॉक्सवर जमा होतं, ते ठीक. पण दोन स्विचबॅकच्या मधल्या टप्प्यात गाडी उलटी चढते, इंजिन पुढे होतं आणि त्याचं तोंड उताराला येतं, मग पाणी पुढे पळतं आणि फायरबॉक्सचं छप्पर, ते ज्याला क्राउन शीट म्हणतात, ते उघडं पडायची भीती. खाली आग, वर पाणी नाही, म्हणजे पत्रा तापून मऊ होणार आणि बॉयलर फुटणार. "बघ आता फायरमन गेज ग्लासवरून, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवरून, नजर काढणार नाही," बाबा म्हणाले. आमचा डबा तेव्हा इंजिनाला लागून नव्हता पण वळणावर कॅब दिसत होती, आणि खरंच तो पोरगा एक हात बॉयलरमध्ये पाणी सोडणाऱ्या इंजेक्टरवर ठेवून काचेकडे टक लावून होता, फोटो काढणाऱ्यांकडे ढुंकूनही बघत नव्हता. बाबा खूश.

चार मैलांवर व्हिटकर. इथे जुना लाकूडतोड्यांचा कॅम्प परत उभा केलाय, राहायच्या खोल्यासुद्धा रुळांवरून नेता येतील अशा, कारण एका ठिकाणचं जंगल संपलं की कॅम्प उचलून पुढे. तिथेच लिजरवुडचा टॉवर स्किडर ठेवलाय, म्हणजे रेल्वेच्या डब्यावर बसवलेलं वाफेचं यंत्र आणि उंच टॉवर, त्यावरून तारा टाकून दरीपलीकडचे ओंडके हवेतून ओढून आणायचे. जगात अशी यंत्रं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नाहीत. हे दुरुस्त करून ठेवलंय इथल्या माउंटन स्टेट रेलरोड अँड लॉगिंग हिस्टॉरिकल असोसिएशनच्या स्वयंसेवकांनी, सुट्टीच्या दिवशी येऊन, पदरचं पेट्रोल घालून.

वरती एका झऱ्यावर इंजिन पाणी पिण्यासाठी थांबलं. टाकी नाही की पंप नाही, फायरमनने जाड होज झऱ्याच्या डबक्यात सोडला आणि इंजिनाच्याच वाफेने पाणी वर खेचलं. याच थांब्याला ड्रायव्हरने बाबांना खूण केली. बाबा पायरीवर चढले, आत वाकून आग बघितली. पातळ, पांढरीफटक, सगळीकडे सारखी. बाबांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून "एक नंबर" अशी खूण केली आणि फायरमन पोरगा लाजला हो चक्क. उतरले तेव्हा बाबांच्या बाहीवर काळा पट्टा. आई म्हणाली, "अहो, चाळीस वर्षं धुतले तेवढे पुरे झाले नाहीत का?"

बॉल्ड नॉबला उतरलो तर वारा असा की जॅकेटवर जॅकेट. 4842 फूट, आपल्या कळसूबाईपेक्षा थोडं बुटकंच, पण थंडी पार वेगळी. खाली पूर्ण रंग चढलेली झाडं, वर मात्र काळपट हिरवे स्प्रूस, आणि लांब दरीत एक पांढरी बशी चमकत होती, ती ग्रीन बँकची दुर्बीण. हे सगळं जंगल परत उगवलेलं आहे हे लक्षात ठेवावं लागतं, कारण कंपनीच्या काळातले फोटो बघितले तर डोंगर बोडके, नुसते बुंधे आणि जळका पाला. मला त्या कंपनीबद्दल फार प्रेम वाटत नाही हे सांगून टाकते. डोंगरापलीकडे स्प्रूस नावाचं एक गावच होतं, 3853 फुटांवर, जायला रस्ता नाही, फक्त रेल्वे. आता तिथे गाव नाहीच.

संध्याकाळी कंपनीच्या जुन्या दुकानात आणि म्युझियममध्ये गेलो आणि तिथे खरी गोष्ट कळली. 1942 मध्ये मोवर लंबर कंपनीने हे सगळं घेतलं होतं आणि 1 जुलै 1960 ला कारभार बंद केला. मिल बंद, लाइन बंद, सगळं भंगारवाल्या कंपनीला विकलं आणि रूळ उखडायला सुरुवातसुद्धा झाली. तेव्हा पेनसिल्व्हेनियातल्या सनबरीचा रसेल बॉम नावाचा एक रेल्वेवेडा माणूस मध्ये पडला. हा इथला नाही, कंपनीचा नाही, पैसेवालाही नाही. त्याने आसपासच्या व्यापाऱ्यांना गोळा केलं आणि राज्याच्या विधिमंडळाच्या मागे लागला की ही लाइन विकत घ्या, लोक इथे गाडीत बसायला येतील. हसले असतील लोक, कोळशाच्या धुरात बसायला कोण पैसे देणार? पण 1961 मध्ये राज्याने हो म्हटलं आणि 15 जून 1963 ला पहिली टुरिस्ट गाडी सुटली. बॉल्ड नॉबपर्यंत 1968 पासून.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "लाइन घेतली सरकारने, ठीक आहे. चालवली कोणी?"

रविवार

हा प्रश्न घेऊन आम्ही शॉपमध्ये गेलो. जुनं शॉप 1972 मध्ये जळलं, सॉमिलचे उरलेले भागही पुढे आगीत गेले, आता तिथे काँक्रीटचे खांब आणि झुडपं आहेत. नवीन शॉपमध्ये मात्र पाय ठेवायला जागा नाही. एका इंजिनाचा बॉयलर उघडा पडलेला, नळ्या काढून बाजूला रचलेल्या, लेथवर एक बुश टर्न होत होता. 5 नंबरचं शे इथलंच, 1905 ला नवं कोरं कॅसला आलं आणि एका डोंगरावर एवढी वर्षं काढलेलं इंजिन म्हणून त्याचा मान मोठा. आणि एक बिग सिक्स, 162 टनांचं, 1945 मध्ये बनलेलं जगातलं शेवटचं शे. ते वेस्टर्न मेरीलँड रेल्वेचं, जेमतेम काही वर्षं चाललं, मग बाल्टिमोरच्या म्युझियममध्ये उभं होतं. 1980 च्या सुमाराला कॅसवाल्यांनी आपलं एक छोटं शे आणि आणखी एक इंजिन देऊन ते बदल्यात आणलं आणि परत वाफेवर चढवलं. म्युझियममधून इंजिन बाहेर काढून कामाला लावायचं, ही उलटी गंगा मी तरी दुसरीकडे ऐकली नाही.

तिथे बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. टोपी घातलेला कालचाच ड्रायव्हर रविवारी शॉपमध्ये होता, त्याने सांगितलं की सुरुवातीच्या वर्षांत मोवर कंपनीच्या वेळची माणसं गावातच होती, तीच परत कामावर आली. तो स्वतः पोरगा असताना अशाच एका म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या हाताखाली लागला. त्या माणसाने लाकडाच्या गाड्या ओढल्या होत्या, मिल बंद पडताना बघितली होती, आणि मग त्याच इंजिनावर टुरिस्ट ओढले. कुठल्या वळणाला वाळू सोडायची, कुठे गवतावर दव असलं की चाक घसरतं, कोणत्या गिअरचा आवाज बदलला की थांबायचं, हे कागदावर कुठेच नव्हतं. म्हाताऱ्याने रिटायर झाल्यावर घरातले फोटो, जुन्या फाट्यांचे हाताने काढलेले नकाशे, कुठल्या दरीत कोणता कॅम्प होता, सगळं वहीत उतरवून ठेवलं. जंगलात रूळ उखडलेल्या जागा पायी फिरून दाखवायचा म्हणे पोरांना. तो गेला तेव्हा अंत्ययात्रेच्या वेळी शॉपमधून लांब शिट्टी दिली. एवढं सांगून ड्रायव्हर परत बुशकडे वळला, फार काही भावनिक वगैरे झाला नाही.

बाबा मात्र गप्प. बाहेर येऊन म्हणाले, "आमच्याकडे इंजिन ठेवतात चौकात रंग देऊन. चालवणारा कुणी ठेवत नाहीत." मी म्हटलं बाबा तुम्ही लिहा ना, कुर्डुवाडीचं, नॅरोगेजचं. तर म्हणाले, "कोण वाचतंय." मग गाडीत पाऊण तास न थांबता सांगत होते की बार्शी टाऊनच्या पुढे गाडी कशी ओढायची, पावसाळ्यात फायरबॉक्सला ओला कोळसा आला तर काय करायचं. मी फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं होतं. रेंज नसली तरी रेकॉर्डिंग चालतं, क्वाएट झोनचा एवढा उपयोग.

परतीच्या वाटेवर ग्रीन बँकला थांबलो. 100 मीटरची बशी, जगातली सगळ्यात मोठी पूर्ण फिरणारी दुर्बीण, जवळ डिजिटल कॅमेरा न्यायचा नाही आणि तिथली बस डिझेलची, कारण पेट्रोल इंजिनाच्या स्पार्कचासुद्धा रेडिओ आवाज होतो. नवऱ्याने नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीची आठवण काढली, तिथे 45 मीटरच्या 30 बश्या आहेत ना, मग मोठं कोण यावर दोघांचा वाद झाला. आईने बशीकडे बघून विचारलं यात पाऊस साठत नाही का. चांगला प्रश्न आहे, गाईडला विचारायला हवा होता.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: फॉलमध्ये बॉल्ड नॉबची तिकिटं लवकर संपतात, आधी काढा. कंपनीची घरंही तशीच. रोख पैसे आणि पेट्रोल मॉन्टेरेलाच बघून घ्या, मॅप डाउनलोड करा. व्हेज खाणाऱ्यांनी शिधा बरोबर न्यावा, गावात बर्गर आणि चिप्स यापलीकडे आमच्या हाती काही लागलं नाही. खाली कितीही ऊन असलं तरी वर स्वेटर लागतोच. इंजिनाजवळच्या डब्यात बसायचं असेल तर डोळ्यांवर चष्मा ठेवा, कोळशाचे कण येतात, आणि चुकूनही पांढरा शर्ट घालू नका, आईचा निरोप आहे.